एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात
(द्वितीय वर्ष, कला)

शिकणारा मुलगा काम करीत नाही आणि कामाला लागलेल्या मुलाचे शिकणे संपले, अशी आपल्या समाजाची एक ठाम समजूत आहे. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी पूर्वी कोणी चढलेले नाही, त्या घरात तर ही समजूत फारच पक्की असते. आमचे घर त्यांपैकीच एक. मी पुस्तक घेऊन बसलो की माझे वडील रागावत नाहीत. पण यातून पुढे काय निघणार हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येतो. ग्रंथालयात वाचता वाचता या प्रश्नाला आयुष्य वाहिलेला एक माणूस मला भेटला. त्याचे नाव हर्मन श्नायडर. अभियांत्रिकीच्या शिक्षणक्षेत्रात हे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कला शाखेत मात्र ते क्वचितच ऐकू येते. आज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी विद्यापीठे आणि उद्योगसंस्था हातात हात घालतात, त्याच्या मुळाशी या माणसाची चिकाटी आहे. म्हणून त्यांची जीवनकथा माझ्या सहाध्यायांपुढे ठेवीत आहे.

श्नायडर यांचा जन्म १८७२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, समिट हिल या गावी झाला. हा सारा मुलूख दगडी कोळशाच्या खाणींचा. त्या काळी त्या भागात लहान लहान मुले दिवसभर वाकून बसत आणि कोळशातून दगड वेचून बाजूला काढीत. शाळा आणि खाण यांपैकी एकच वाट बहुतेकांच्या वाट्याला येई, आणि ती कोणती हे घरची परिस्थिती ठरवी. अशा गावातून निघून श्नायडर लीहाय विद्यापीठात दाखल झाले. शिकत असतानाच ते एका वास्तुविशारदाच्या कचेरीत काम करीत. १८९४ साली ते पदवीधर झाले. पुढे काही वर्षे त्यांनी प्रत्यक्ष व्यवसायात घालविली. अमेरिकेच्या पश्चिम भागात रेल्वेच्या पुलांची कामे केली. १८९९ मध्ये ते पुन्हा लीहायला आले, पण आता शिक्षक म्हणून.

शिक्षक झाल्यावर त्यांना एक गोष्ट बोचू लागली. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी कामावर गेला की गोंधळून जातो, असे मालक सांगत. कारखान्यात वाढलेल्या कारागिराचा हात बसलेला असे. पण यंत्र असे का चालते, हे त्याला सांगता येत नसे. श्नायडर यांनी चौकशी आरंभिली. चांगले अभियंते म्हणून ज्यांचे नाव झाले होते, त्यांचे विद्यार्थिदशेतील दिवस कसे गेले, हे त्यांनी शोधून काढले. त्यांतील बऱ्याच जणांनी शिकत असतानाच, सुट्टीत किंवा फावल्या वेळात, पोटासाठी काम केलेले होते. गरिबीमुळे पत्करावे लागलेले काम हेच त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग ठरले होते. ते काम कोणी शिक्षण म्हणून मोजले नव्हते, एवढेच.

लीहाय विद्यापीठाच्या शेजारीच बेथलहेमचा प्रसिद्ध पोलादाचा कारखाना होता. एका संध्याकाळी आवारातून फिरताना त्या कारखान्यातील भट्टीचा लोळ आकाशात उठलेला श्नायडर यांनी पाहिला आणि त्या क्षणी त्यांना ती कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी विचार साधा होता. विद्यापीठ लाखो डॉलर खर्चून कर्मशाळा उभारणार, त्यात यंत्रे आणणार, आणि ती यंत्रे काही वर्षांत जुनी होणार. त्यापेक्षा गावातले कारखाने हीच विद्यार्थ्यांची कर्मशाळा का होऊ नये? विद्यापीठाने शास्त्र शिकवावे, कारखान्याने काम शिकवावे, आणि दोघांनी मिळून एक माणूस घडवावा.

लीहायमध्ये ही कल्पना कोणी उचलून धरली नाही. १९०३ साली श्नायडर ओहायो राज्यातील सिनसिनाटी विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकविण्यासाठी आले. हे विद्यापीठ शहराच्या पैशावर चालणारे होते आणि शहर यांत्रिक हत्यारे बनविण्यासाठी नावाजलेले होते. दोन्ही गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या. ते कारखानदारांच्या दारोदार हिंडले. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स डॅबनी यांचा त्यांना पाठिंबा मिळाला. विश्वस्तांनी अखेर परवानगी दिली, पण ती एका वर्षापुरती. आणि प्रयोग फसला तर त्याचे अपयश आपल्या माथी येऊ नये याचीही काळजी घेतली. १९०६ च्या शरद ऋतूत २७ विद्यार्थ्यांना घेऊन ही सहकारी शिक्षणपद्धती सुरू झाली. त्याच वर्षी श्नायडर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले.

योजनेची रचना पाहण्यासारखी आहे. एका कामावर दोन विद्यार्थ्यांची जोडी नेमली जाई. पहिला एक आठवडा वर्गात असे, तेव्हा दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. शनिवारी वर्गातला विद्यार्थी कारखान्यात जाऊन आपल्या जोडीदाराचे काम कुठवर आले ते समजून घेई, म्हणजे सोमवारी यंत्र अडून राहत नसे. मालकाचे नुकसान नाही, विद्यार्थ्याचा खंड नाही. विद्यार्थ्याला इतर कामगारांसारखीच शिस्त पाळावी लागे. काम तळापासून सुरू होई आणि पायरीपायरीने वर चढे. केलेल्या कामाची मजुरी मिळे. पदवीला लागणारी वर्षे मात्र वाढली. आरंभी हा अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. अर्ध्या वेळात पूर्ण शिक्षण देतो, असा दावा श्नायडर यांनी केला नाही. वेळ जास्त घेतला आणि शिक्षणात काटछाट होऊ दिली नाही.

या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. विद्यार्थ्याला कारखान्यात सोडून दिले की काम झाले, असे श्नायडर यांनी मानले नाही. त्यांनी समन्वयक नावाचा एक नवाच शिक्षक निर्माण केला. हा शिक्षक कारखान्यात जाऊन विद्यार्थी कोणत्या यंत्रावर काय करतो ते पाही, आणि नंतर वर्गात त्याच कामामागचे गणित व शास्त्र विद्यार्थ्यांकडून वदवून घेई. हात काय करतो आहे, हे डोक्याला सांगणारा दुवा म्हणजे हा समन्वयक.

हे वाचताना मला माझेच उदाहरण आठवले. मी सुट्टीच्या दिवसांत बाजार समितीतल्या एका अडत्याच्या पेढीवर हिशोबपट्ट्या लिहितो. किती गोणी आल्या, काय भाव फुटला, हमाली किती, तोलाई किती, आणि हे सारे वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडले, हे माझ्याच अक्षरात लिहिलेले असते. सकाळी आवक वाढली की दुपारी भाव कसा कोसळतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि पुरवठा यांच्या दोन रेषा फळ्यावर एकमेकींना छेदतात, त्याही मी वहीत उतरवून घेतो. पण पेढीवर त्या रेषांविषयी बोलणारे कोणी नाही, आणि वर्गात हिशोबपट्टीविषयी विचारणारे कोणी नाही. आपल्यापैकी कितीतरी जण कोणाच्या दुकानात, कोणाच्या गॅरेजमध्ये, कोणी लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून राबून फी भरतात. आपल्याजवळ वर्ग आहे आणि कामही आहे. दुवा तेवढा नाही.

सिनसिनाटीच्या प्रयोगावर टीका पुष्कळ झाली. विद्वानांना वाटले, यामुळे विद्यापीठाचा दर्जा घसरेल. घामाचा वास लागलेला विद्यार्थी ज्ञानाची उपासना काय करणार? काही कामगारांना वाटले, मालकांना स्वस्तात हात पुरविण्याची ही युक्ती आहे. या दुसऱ्या शंकेत तथ्य असू शकते, आणि ती आजही विचारावी अशी आहे. श्नायडर यांचे उत्तर योजनेतच होते. काम टप्प्याटप्प्याने बदलले पाहिजे, त्यातून शिकायला मिळाले पाहिजे आणि त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. काही कामे माणसाला जागवितात, तर काही कामे त्याला यंत्रासारखी तीच ती हालचाल करायला लावून बधिर करून टाकतात, हा भेद त्यांनी आग्रहाने मांडला. कारखान्यांचे कौतुक करणाऱ्या या माणसाने कारखान्यांचा हा दोष झाकून ठेवला नाही.

त्यांच्या आणखी एका शोधाचे मला फार अप्रूप वाटते. कोणता मुलगा कोणत्या कामाला योग्य, हे कसे ओळखावे? त्या काळी चेहऱ्याच्या ठेवणीवरून माणसाची योग्यता सांगणारे तथाकथित तज्ज्ञ अमेरिकेत पुष्कळ होते. श्नायडर यांनी त्यांचे ठोकताळे आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिले. ताळा जमला नाही. माणूस काय करू शकतो, हे त्याला काम करू दिल्यावरच कळते, या निष्कर्षावर ते आले. कपड्यांवरून आणि बोलीवरून ज्याची किंमत पहिल्याच दिवशी ठरविली जाते, अशा प्रत्येक विद्यार्थ्याला हा निष्कर्ष धीर देणारा आहे.

एका वर्षासाठी दिलेली परवानगी पुन्हा पुन्हा वाढत गेली. १९०९ साली बॉस्टन येथील आजच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने ही पद्धत उचलली. १९२१ मध्ये ओहायोतीलच अँटिऑक महाविद्यालयाने आर्थर मॉर्गन यांच्या नेतृत्वाखाली ती आपलीशी केली. हे महाविद्यालय वाङ्मय, इतिहास, समाजशास्त्र असे विषय शिकविणारे होते, हे आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. स्वतः श्नायडर १९२९ ते १९३२ या काळात सिनसिनाटी विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९३९ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे ही कल्पना देशोदेशी गेली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून याच पायावर उभे राहिले. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील हार्वी मड महाविद्यालयाने निराळा मार्ग काढला. तेथे विद्यार्थ्यांचा गट एखाद्या कंपनीची खरी अडचण हाती घेऊन ती सोडविण्यासाठी झटू लागला. अखेरच्या वर्षाच्या औद्योगिक प्रकल्पांचे हे एक आरंभीचे रूप. आपल्या देशात पिलानीच्या बिर्ला तंत्रज्ञान संस्थेने १९७३ पासून विद्यार्थ्यांना काही महिने उद्योगांत पाठवून त्याचे गुण पदवीत धरण्यास सुरुवात केली.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर हे वारे आपल्या वर्गातही आले आहे. क्षेत्र प्रकल्प आले, कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण आले, त्यांचे श्रेयांकही आले. मित्रहो, या संधीचे आपण काय करणार आहोत? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलून तो बांधून घेता येतो. ओळखीच्या माणसाकडून उपस्थितीचे प्रमाणपत्रही आणता येते. त्याने गुण मिळतील, पण श्नायडर यांनी दारोदार हिंडून जे मिळविले ते मिळणार नाही.

माझ्या मते आपल्या प्रत्येक प्रकल्पाला त्यांच्या चरित्रातले तीन प्रश्न विचारावेत. हे काम कोणाच्या तरी खऱ्या गरजेचे आहे काय? करणाऱ्याच्या श्रमाचे मोल होते काय? आणि त्या जागी येऊन, पाहून, परत वर्गात त्याविषयी बोलणारे शिक्षक आहेत काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण विद्यार्थ्यांनी आणि गावातल्या पेढ्या, पतसंस्था, छापखाने, साखर कारखाने यांनी मिळून शोधावीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या गुरुजनांच्या हाती आहे. सिनसिनाटीत २७ मुलांनी आरंभ झाला होता. आपल्या एका वर्गात त्याहून अधिक मुले आहेत.