विश्लेषण : पहिली बॅटरी बनवणारे व्होल्टा नेमके कुठे चुकले?

मोबाइलच्या चार्जरवर ‘व्होल्ट’ हे एकक छापलेले असते. ते ज्यांच्या नावावरून आले, त्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी पहिली बॅटरी तयार केली. मात्र तिच्यात ऊर्जा कुठून येते, हे सांगताना ते चुकले.

कोण होते व्होल्टा?

इटलीतील कोमो येथे १८ फेब्रुवारी १७४५ रोजी त्यांचा जन्म झाला. १७७९ पासून ते पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी दलदलीतून निघणारा मिथेन वायू गोळा करून त्यांनी त्याचा अभ्यास केला होता.

बेडकाच्या पायावरून वाद का?

मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावताच तो आखडतो, हे बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी यांना दिसले. ही वीज प्राण्याच्या शरीरातीलच आहे, असे त्यांनी १७९१ मध्ये मांडले. व्होल्टा यांना ते आधी पटले. स्वतः प्रयोग केल्यावर मात्र त्यांचे मत बदलले. वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येते, बेडूक ती फक्त दाखवतो, असे ते सांगू लागले.

पहिली बॅटरी कशी होती?

बेडकाशिवाय वीज मिळवून दाखवणे, हाच यावर पुरावा होता. चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, असे थर त्यांनी एकावर एक रचले. २० मार्च १८०० रोजी पत्र लिहून त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला. १८०१ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर प्रात्यक्षिक केले.

मग चूक कोणती?

धातूंचा स्पर्श पुरेसा आहे, असे व्होल्टा मानत राहिले. प्रत्यक्षात जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि आयन होऊन द्रावणात उतरतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या धातूकडे जातात आणि तेथे अभिक्रियेचा उरलेला भाग होतो. एरवी उष्णता म्हणून बाहेर पडली असती ती ऊर्जा अशी विजेच्या रूपात मिळते. जस्त झिजले की वीज थांबते. स्पर्श कायम असला तरीही!

शेवटी कोण बरोबर ठरले?

दोघेही अर्धे-अर्धे. मज्जातंतूंचे संदेश विजेच्या रूपात जातात, हे पुढे सिद्ध झाले; पण गॅल्व्हानी १७९८ मध्येच वारले होते. व्होल्टा यांचे निधन ५ मार्च १८२७ रोजी झाले. विद्युतदाबाच्या एककाला १८८१ मध्ये त्यांचे नाव मिळाले. रिमोटमधला सेल ‘संपला’ असे आपण म्हणतो, तेव्हा संपलेली असते ती आतली रासायनिक अभिक्रिया.