रमाई एकट्या नव्हत्या

दरवर्षी ७ फेब्रुवारीला जयंती आणि २७ मे रोजी स्मृतिदिन. विहारात रमाईंचा फोटो पुढे मांडायचा, मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिसरण-पंचशील, आणि मग भाषणं. गडहिंग्लज तालुक्यात बायकांबरोबर काम करत असल्यामुळे वर्षातून चार-पाच ठिकाणी तरी आम्हालाही बोलायला उभं करतात. ऐकून ऐकून आणि बोलून बोलून एक गोष्ट खटकायला लागली. या भाषणांत रमाई म्हणजे शेण, गोवऱ्या, उपास, डोळ्यांदेखत गेलेली मुलं आणि त्यावर अवाक्षर न काढणारी बाई, एवढंच उरतं. पुढे एखादा वक्ता बायकांकडे वळून सांगतो की रमाईंनी एवढं सोसलं, तुम्हाला असं काय झालंय? समोर नवऱ्याचं पिणं आयुष्यभर निस्तरलेली कुणी बसलेली असते, मुलानं वेगळी चूल मांडून दिलेली कुणी असते. त्या मान खाली घालतात आणि टाळ्या वाजवतात.

त्यागाची गोष्ट खोटी आहे असं आमचं म्हणणं नाही. पण ती अर्धीच सांगितली जाते. रमाईंच्या भोवती आयुष्यभर बायका होत्या. त्या बायकांना वगळून त्यांचं चरित्र सांगितलं की ते देवीचं होतं, माणसाचं राहत नाही.

रमाईंचं माहेर दापोलीजवळचं वणंद. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी आधी गेल्या, थोड्याच वर्षांत वडीलही गेले. पोरकी भावंडं नातेवाइकांबरोबर मुंबईला आली, भायखळ्याच्या बाजूला. १९०६च्या सुमारास तिथल्याच मासळी बाजारात लग्न झालं. दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री, रिकाम्या छपराखाली. माशांचे ओटे हीच वऱ्हाडाची बैठक. नवरी नऊएक वर्षांची, नवरा पंधराचा.

त्या घरात बायकांनी एकमेकींचं ओझं उचलायची रीत आधीपासून होती. भीमरावांची आई भीमाबाई १८९६च्या सुमारास वारल्या, तेव्हा साताऱ्याला घर सांभाळलं ते मीराआत्यांनी. त्या रामजी सुभेदारांच्या बहीण, पाठीनं वाकलेल्या. शाळकरी भीमरावांनी मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचं ठरवलं आणि त्यासाठी या आत्याच्या कमरेची पिशवी चोरायचा बेत केला. रात्रीमागून रात्री प्रयत्न करून ती हाती लागली, तर आत निघाला फक्त अर्धा आणा. त्यानंतर पळून जायचा नाद सोडून ते अभ्यासाला लागले, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवलेलं आहे. आम्हाला या गोष्टीतला मुलगा जितका दिसतो तितकीच ती पिशवीही दिसते. एवढं मोठं घर चालवणाऱ्या बाईच्या कमरेला अर्धा आणा.

परळच्या बीआयटी चाळीत या कुटुंबानं वीस-बावीस वर्षं काढली. एक नंबरची चाळ, दुसरा मजला, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं या चाळी बांधल्या. नळ सामाईक, संडास सामाईक, सगळ्या खोल्यांपुढून जाणारी एकच गॅलरी. ज्यांनी चाळ पाहिली आहे त्यांना सांगायला नको की अशा ठिकाणी कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे पाच मिनिटांत कळतं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शेजार या विषयावर बरंच शिकवलं, पण बायकांचा शेजार नळावर आणि संडासाच्या रांगेत कसा तयार होतो, हे काम करतानाच कळलं.

१९१३ साल बघा. २ फेब्रुवारीला सासरे रामजी सुभेदार गेले. जुलैमध्ये भीमराव अमेरिकेला निघाले. यशवंत तेव्हा सात महिन्यांचा होता. भीमराव परतले ऑगस्ट १९१७ मध्ये. पुन्हा जुलै १९२० मध्ये लंडनला गेले, ते एप्रिल १९२३ मध्ये आले. म्हणजे बाबासाहेबांच्या पदव्यांमागे रमाईंची जवळजवळ सात वर्षं आहेत, आणि ती सात वर्षं घर चालवलं कुणी? मोठे दीर आनंदराव गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद याच घरात होते. रमाईंची धाकटी बहीण मीरा आणि भाऊ शंकर रोजंदारीला जायचे. त्या तुटपुंज्या मजुरीत बाजार आणायचा, सगळ्यांना पुरवून वाढायचं, हे काम रमाईंचं. दोन जावा, एक विधवा आणि एक नवरा परदेशात असलेली, एका चुलीवर. आपल्याकडे जावाजावांच्या भांडणांवर विनोद पुष्कळ आहेत. या दोघींनी एकाच छपराखाली एकमेकींची मुलं वाढवली त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्या भागात शेतात पैरा असतो. आज तुझ्या रानात भांगलायला मी, उद्या माझ्या रानात तू. पैसे द्यायचे नाहीत, पण हिशेब पक्का असतो. परळच्या त्या दोन खोल्यांत पैराच चालत होता असं आम्हाला वाटतं.

रमाईंना पाच मुलं झाली. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते आणि रमाईंनी नेसत्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असं सांगितलं जातं. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. तेव्हा बाबासाहेबांनी आपलं दुःख पत्रात लिहिलं ते कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना. ते पत्र आज सगळ्यांना वाचायला मिळतं. बापाचं दुःख कागदावर उतरलं, कोल्हापूरला पोचलं, जपलं गेलं. आईचं दुःख ज्यांनी ऐकलं त्या चाळीतल्या आणि घरातल्या बायका होत्या, आणि त्यांच्याकडून कुणी ते वेळेवर लिहून घेतलं नाही. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं, तेव्हा चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती प्रथमच एवढ्या नेटानं एकत्र झाल्या. तोवर रमाईंबरोबरच्या बहुतेक जणी गेलेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट भाषणांतून हमखास गळते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं. त्यानंतर बायकांनी लुगडं नेसायची जुनी, जात सांगणारी पद्धत टाकून दिली, आणि त्यांना नव्या पद्धतीनं नेसवायला चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायका पुढे आल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२८ मध्ये, मुंबईत अस्पृश्य स्त्रियांचं मंडळ स्थापन झालं. त्याच्या अध्यक्ष रमाई होत्या. राजरत्नाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुकाट सोसणारी बाई म्हणून ज्यांचं चित्र आपण लावतो, त्या तिशीच्या उंबरठ्यावर एका संघटनेच्या अध्यक्ष होत्या. आमच्या मते रमाईंच्या आयुष्यातली ही सर्वात कमी सांगितली जाणारी आणि सर्वात जास्त सांगावी अशी घटना आहे.

महाप्रजापती गौतमींची आठवण इथे होते. त्या वयस्क होत्या, नवरा वारलेला. त्यांच्याबरोबर शाक्य कुळातल्या पाचशे बायका निघाल्याचं परंपरा सांगते. कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत त्या पायी गेल्या, पाय सुजले, तरी दारात उभ्या राहिल्या. भिक्खुणी संघ एका बाईच्या मागणीनं झाला नाही, बायकांच्या जथ्यानं झाला.

रमाईंची इच्छा एकदा पंढरपूरला जायची होती. ज्या देवळात आपल्याला बाहेर उभं करतात तिथे जाण्यात अर्थ नाही, आपण आपलं वेगळं पंढरपूर उभारू, अशा आशयाचं बाबासाहेबांनी त्यांना समजावलं. हा प्रसंग सांगताना आपण बाबासाहेबांच्या उत्तरावर थांबतो. रमाईंना तिथे का जायचं होतं याचा विचार करत नाही. आमच्या ओळखीच्या कितीतरी वयस्क बायका दीक्षेनंतरच्या पिढीतल्या असूनही सांगतात की पूर्वी वारीला, यात्रेला जायचो ते देवासाठी कमी आणि घराबाहेर चार बायकांत राहायला मिळतं म्हणून जास्त. आज त्याच जणी दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला एकत्र जातात. रात्रभर एसटीत बोलत असतात. कार्यकर्त्यांनी याला नुसती हौस समजू नये.

शेवटच्या वर्षांत रमाईंची तब्येत ढासळली. हवापालट म्हणून त्या धारवाडला राहिल्या होत्या. तिथल्या वसतिगृहातली मुलं धान्याअभावी उपाशी आहेत हे कळताच त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्याकडे घरोघरी सांगतात. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं आणि कुटुंब तिकडे गेलं. लक्ष्मीबाईही गेल्या. पुस्तकांसाठी बांधलेल्या त्या मोठ्या घरात रमाईंना फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. वय सदतीस. आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या बायका सदतिसाव्या वर्षी गेलेल्या या बाईला आई म्हणतात.

आता गडहिंग्लजबद्दल थोडं. हिरण्यकेशीच्या काठचं हे गाव, पलीकडे संकेश्वर, कर्नाटकची हद्द जवळ, सौंदत्तीच्या यल्लम्माची वाट इथूनच. आपल्याच वस्त्यांतल्या पोरी जोगतिणी म्हणून सोडल्या जात. शाहू महाराजांनी १९२०च्या जानेवारीत कोल्हापूर संस्थानात याविरुद्ध कायदा केला होता, तरी प्रथा चालू राहिली. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, आणि पुढे मोर्चे, पेन्शनची मागणी, मुलांच्या दाखल्यावर आईचं नाव, हे सगळं या भागातून सुरू राहिलं. महाराष्ट्राचा प्रथाबंदीचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. त्या परिषदेच्या वेळी तरुण असलेल्या बायका आज म्हाताऱ्या आहेत. नवरा नाही, सासर नाही, भावाचं घर मिळालं तर मिळालं. त्यांना सांभाळलं ते एकमेकींनी.

आणि फक्त त्यांचंच नाही. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटाचा ठसा मशीनवर उमटत नाही. मग तिघी-चौघी मिळून निघतात. एक रांगेत जागा धरते, एकीच्या नातवाकडे मोबाइल असतो तिथे ओटीपी येतो, चौथीला थोडं वाचता येतं म्हणून ती अर्ज बघते. परतताना चौघींत मिळून एक वडापावची पुडी. ज्या घरी मयत झालं तिथे तीन दिवस भाकरी कोण पाठवणार हे ठरलेलं असतं. मुलगा पुण्याला आणि सून बोलत नाही, अशा बाईच्या दारात संध्याकाळी कुणीतरी जाऊन बसतंच. दर महिन्याची भिशी असते. ती चुकली तर व्याज नाही, पण चौकशीला माणूस येतं.

हे कौतुकानं लिहिताना एक काळजीही आहे. बायका एकमेकींना धरून आहेत म्हटल्यावर मुलगे, ग्रामपंचायत, आपली मंडळं, सगळ्यांनाच हात झटकायला बरं पडतं. अनुसूचित जातींच्या घरकुल योजनेला रमाईंचं नाव आहे. पण घराच्या उताऱ्यावर म्हाताऱ्या आईचं नाव किती ठिकाणी आहे ते तुम्ही आपल्या वस्तीत विचारून बघा. जयंतीच्या कार्यक्रमात बायकांकडे स्वयंपाक आणि सतरंज्या येतात, हिशेबाची वही आणि माईक पोरांकडे राहतो. १९२८ला अध्यक्षपद रमाईंकडे होतं.

तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं साधं आहे. येत्या ७ फेब्रुवारीला बाहेरचा वक्ता आणू नका. वस्तीतल्या तीन वयस्क बायकांना बसवा, आणि मुलं आजारी पडली, नवरा गेला, घर पडलं तेव्हा कुणी काय केलं ते त्यांना विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, नंतर लिहून काढा. त्यात त्यांच्या शेजारणींची नावं येतील, ती गाळू नका.

रमाईंच्या मागे राजगृहात यशवंत होता, मुकुंद होता, आणि लक्ष्मीबाई होत्या. पाचच महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ला, येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि त्यांचं घरी राहणं आणखी कमी झालं. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ रमाईंना अर्पण केला. लक्ष्मीबाईंच्या नावानं मात्र आपल्याकडे एकही कार्यक्रम होत नाही.