गिटारला विजेचा आवाज देणारा बीचम

वाटोळे अंग, लांब मान आणि तारांभोवती कमान धरून बसलेले दोन नालाकृती चुंबक. जुन्या लॅप स्टील गिटारच्या संग्राहकांना ही ॲल्युमिनियमची गिटार दुरूनही ओळखू येते. तव्यासारख्या आकारामुळे तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडले. व्यावसायिक यश लाभलेली ही पहिली विद्युत गिटार. तिचा जनक जॉर्ज बीचम मात्र वादकांच्या वर्तुळाबाहेर फारसा परिचित नाही.

बीचम यांचा जन्म १८९९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. व्हायोलिन आणि मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवायची हवाईयन गिटार ही त्यांची वाद्ये. रंगमंचावरील करमणुकीच्या कार्यक्रमांत वाजवताना त्यांना एकच अडचण सतत जाणवे. इतर वाद्यांच्या गजरात गिटार ऐकूच येत नसे. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी वाद्यकारागीर जॉन डोपेरा यांना गाठले. त्यातून धातूच्या तीन शंकूंमुळे आवाज वाढवणारी गिटार तयार झाली आणि १९२७ मध्ये ती 'नॅशनल' या नावाने बाजारात आली. मात्र पुढच्या एका शंकूच्या रचनेचे श्रेय कोणाचे, यावरून दोघांत वितुष्ट आले. डोपेरा बाहेर पडले आणि १९३१ मध्ये बीचम यांनाही कंपनीने दूर केले.

तोवर बीचम यांचे लक्ष विजेकडे वळले होते. तार पोलादी असेल, तर चुंबकाच्या क्षेत्रातील तिच्या कंपनाने शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा क्षीण प्रवाह वाढवून ध्वनिवर्धकात सोडला की तारेचा स्वर मोठा होऊन ऐकू येतो. या तत्त्वावर पिकअप सिद्ध झाला आणि हॅरी वॉटसन यांनी मेपलच्या लाकडातून पहिला नमुना कोरला. मूळचे स्विस असलेले कारखानदार ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या साहाय्याने १९३२ मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतीव गिटारचे उत्पादन सुरू झाले.

काळ जागतिक मंदीचा होता. त्यातच रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने ॲल्युमिनियम प्रसरण पावे आणि गिटारचे सूर ढळत. १९३५ मध्ये बॅकेलाइटचे मॉडेल आले, पण पेटंटचा प्रश्न सुटेना. हे विजेचे उपकरण मानावे की वाद्य, आणि ते चालते तरी का, अशा शंका पेटंट कार्यालयाला होत्या. अखेर सोल हुपी यांच्यासह काही वादकांना वॉशिंग्टनला पाठवून परीक्षकांसमोर गिटार वाजवून दाखवावी लागली. १९३४ मध्ये दाखल झालेल्या अर्जाला १० ऑगस्ट १९३७ रोजी मंजुरी मिळाली. तोपर्यंत गिब्सनसह अनेक कंपन्यांच्या विद्युत गिटार बाजारात आल्या होत्या. ज्या हक्कासाठी एवढी धडपड केली, तो हाती आला तेव्हा त्याचे मोल बरेच उतरले होते.

१९४० मध्ये बीचम यांनी कंपनी सोडली. पुढच्याच वर्षी समुद्रात मासेमारी करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. विद्युत गिटारने पुढे जगभरचे संगीत बदलून टाकले, ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. भारतातही व्हान शिप्ले यांनी विद्युत हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या.

आज अशी जुनी गिटार दुरुस्तीला आली, की जाणकार प्रथम चुंबकांची शक्ती आणि वेटोळ्याची तार तपासतात. चुंबक क्षीण झाले असतील, तर त्यांना पुन्हा चुंबकत्व देता येते. वेटोळ्यातील केसासारखी बारीक तार मात्र एकदा तुटली की काम कठीण होते. तरीही शक्यतो मूळ भाग बदलले जात नाहीत. खुंट्या किंवा जोडण्या नव्या बसवता येतील. पण चुंबक आणि वेटोळे यांची ती जोडी हेच बीचम यांचे खरे कर्तृत्व आहे.