अण्णासाहेब किर्लोस्कर आणि कथेतील गाणे

मराठी संगीत नाटकाचा पाया ज्यांनी घातला, ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्याच साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ करून मराठी नाटकाचा आरंभ केला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भाव्यांच्या खेळांत पदे पुष्कळ असत. परंतु ती सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यांचा आशय आपापल्या भाषणांत सांगत. दुःख सीतेचे आणि कंठ सूत्रधाराचा, असा तो प्रकार होता.

अण्णासाहेबांना नाटकाचा छंद बालपणापासूनच होता. कोल्हापूर व पुणे येथे शिकत असता त्यांचे मन पुस्तकांपेक्षा नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यात अधिक रमे. पुढे त्यांनी बेळगावी काही काळ शिक्षकाचे काम केले व नंतर पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी धरली. नाटकात वेष घेणे हे त्या काळी प्रतिष्ठित कुटुंबांत हलके मानीत. अशा वेळी कचेरीतील एका गृहस्थाने रंगभूमीवर उभे राहणे म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणेच होते.

इ. स. १८८० मध्ये पुण्यास एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा गायनप्रधान खेळ त्यांच्या पाहण्यात आला. असा खेळ मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. त्यांनी कालिदासाचे 'शाकुंतल' निवडले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याचे पहिले चार अंक करून दाखविले. आता दुष्यंताचे पद दुष्यंतच म्हणू लागला, शकुंतलेचा शोक तिच्याच मुखातून ऐकू येऊ लागला. साकी, दिंडी, ओवी अशा घरोघरी परिचित असलेल्या चाली त्यांनी योजिल्या. त्यामुळे रागदारीचे ज्ञान नसलेल्या प्रेक्षकासही पद आपले वाटे. शिवाय पद आले म्हणून कथा थांबत नसे; जे साध्या बोलण्यात मावत नाही तेवढेच पदात येई.

दुसरे नाटक 'सौभद्र' हेही असेच टप्प्याटप्प्याने रंगभूमीवर आले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे पहिले तीन अंक झाले, आणि संपूर्ण नाटक पुढल्या वर्षी. मोरोबा वाघोलीकर अर्जुन, बाळकोबा नाटेकर नारद व भाऊराव कोल्हटकर सुभद्रा, असा गायकनटांचा मेळ त्यांनी जमविला होता. अर्धी कथा पाहून घरी गेलेला प्रेक्षक पदांच्या चाली गुणगुणत उरलेल्या भागाची वाट पाहत असेल, अशी कल्पना सहज मनात येते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या सिल्लोडातही सायंकाळी घराघरांत दूरदर्शन संचावर मालिकांचे भाग लागतात. शीर्षकगीताचे पहिले सूर कानी पडताच स्वयंपाकघरातील मंडळीही बाहेर येतात. १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेस रवींद्र जैन यांचे संगीत होते. तीत पुष्कळ ठिकाणी पात्र स्तब्ध असते आणि पडद्याआडचा गायक त्याचे मनोगत गातो. बारकाईने पाहिले तर हा भाव्यांचा सूत्रधारच होय! अण्णासाहेबांनी गाणे पात्राच्या मुखी दिले. मालिकांनी ते पुष्कळदा पुन्हा सूत्रधाराकडे नेले. दोन्ही रीती चांगल्या, मात्र सूर कथेच्या कामी आला पाहिजे. प्रसंगात दुःख नसता केवळ वाद्यांच्या कल्लोळाने अश्रू आणू पाहणारा भाग दुसऱ्या दिवशी कोणास आठवत नाही.

तिसरे नाटक 'रामराज्यवियोग' याचे तीनच अंक अण्णासाहेबांच्या हातून झाले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूर येथेच त्यांचे देहावसान झाले. ते नाटक अपुरेच राहिले. परंतु त्यांची मंडळी पुढे चालली, १९०५ साली बालगंधर्व तिच्यात आले, आणि 'सौभद्रा'चे प्रयोग आजही होतात. नाट्यसंगीताचे पुढील सारे वैभव ज्याच्या बळावर उभे राहिले, ते काम या पुरुषाने पाच वर्षांत केले. आयुष्य थोडे लाभले म्हणून काम थोडे होते असे नाही, हे त्यांचे चरित्र आपणांस शिकविते. आज रात्री मालिकेचा भाग पाहाल तेव्हा क्षणभर डोळे मिटून हे गाणे कोणाचे व कशासाठी आहे, एवढे मात्र अवश्य ऐकून पाहा.