रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर

इंग्रजीचे अध्यापन करीत असता ज्यांनी आपल्या मातृभाषेस व्याकरण दिले, अशा एका शिक्षकाचे हे अल्पचरित्र आहे.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्या काळी इंग्रजी शाळेतील मुलास परक्या भाषेचे नियम मुखोद्गत करावे लागत. स्वभाषेचे नियम सांगणारे सोयीचे पुस्तक मात्र दुर्मिळ असे. ही उणीव ओळखून दादोबांनी इंग्रजी व्याकरणाची पद्धती समोर ठेवली व ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले. ते १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्रंथकाराचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत ते शिक्षक झाले. आज तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबारशी जोडलेले हेच ते शहर. तेथे मुलांची बोली गुजराती, गुरुजींची मराठी आणि शिकावयाची भाषा इंग्रजी! त्याच शहरी १८४४ साली दुर्गाराम मेहता आदी स्नेह्यांसह त्यांनी मानवधर्मसभा स्थापिली. १८४६ साली मुंबईस परतून ते शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख झाले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेचेही ते अध्वर्यू होते.

१८५२ साली ते अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले. तेथे भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. आमच्या जिल्ह्यातील अनेक घरांस ही गोष्ट रुचणार नाही. परंतु थोरांच्या चरित्रातील असा भाग झाकून ठेवणे उचित नव्हे.

शाळा सुटली, तरी भाषेचा व्यासंग सुटला नाही. व्याकरणाची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५० साली निघाली होतीच. मुलांसाठी ‘मराठी लघु व्याकरण’ १८६५ साली आले. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव होतो. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचा देहान्त झाला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भिली, मावची, पावरी अथवा अहिराणी बोलली जाते. त्यांस शाळेतील मराठी ही दुसरी भाषा, तर इंग्रजी तिसरी. म्हणून घरच्या बोलीची लाज बाळगू नये. परभाषा शिकताना जी दृष्टी लाभते, ती दादोबांनी आपल्या मायबोलीकडे वळविली. तुम्हीही इंग्रजीचा काळ वा वचन शिकाल, तेव्हा आपल्या आजीच्या बोलण्यात ते कसे होते, हे वहीत टिपून ठेवा. व्याकरणाचा आरंभ अशाच टिपणांतून होतो.