विश्लेषण : लिव्हर टॉनिकच्या बाटलीवरची बारीक अक्षरे आणि कर्नल चोप्रा

उजनी धरणाकाठच्या कंदर, केत्तूर, जिंती, वाशिंबे अशा गावांत अन्न पचेना, भूक लागेना किंवा डोळे पिवळे दिसू लागले, की अनेकदा दवाखान्याआधी लिव्हर टॉनिकची बाटली घरी येते. बाटलीवर घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असते. ही बारीक अक्षरे आपोआप आलेली नाहीत. त्यामागे भारतीय औषधशास्त्राचे जनक मानले जाणारे कर्नल सर राम नाथ चोप्रा यांचे काम आहे.

कोण होते चोप्रा?

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या गुजरांवाला येथे झाला. लाहोरनंतर केंब्रिजला शिकून १९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत त्यांनी सेवा केली. १९२१ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

घेटुळीचा अभ्यास कशासाठी?

पावसाळ्यात बांधावर उगवणारी घेटुळी म्हणजेच पुनर्नवा. वैद्य ती सूज आणि जलोदरासाठी देत. चोप्रा व सहकाऱ्यांनी तिचा लघवी वाढवण्याचा गुण तपासला आणि १९२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गावठी म्हणून झाडपाला टाकायचा नाही आणि जुना म्हणून डोळे झाकून घ्यायचाही नाही, ही त्यांची रीत होती. १९३३ मध्ये देशी औषधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

समिती का नेमली?

त्या काळी बाजारात भेसळीची आणि कमी कसाची औषधे सर्रास विकली जात. ‘पेटंट’ म्हणवणाऱ्या बहुतेक औषधांना पेटंट नसेच. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते. इथे नाव गाजवले जाई आणि कृती गुप्त राही. १९२७ मध्ये पुण्याचे सर हारून जाफर यांनी दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांवर नियंत्रणाचा ठराव मांडला. १९३० मध्ये चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. पुढच्याच वर्षी अहवाल आला. देशभर एकच कायदा, तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि औषध विक्रेत्यांना रीतसर शिक्षण, असा त्याचा रोख होता. कायदा मात्र १९४० मध्ये झाला.

आयुर्वेदिक औषधांचे काय?

१९४६ मध्ये देशी वैद्यकपद्धतींवरील समितीचेही ते अध्यक्ष झाले. आयुर्वेदिक आणि युनानी औषधे मात्र १९६४ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेत आली. म्हणूनच आज काढ्याच्या बाटलीवरही घटक आणि परवाना क्रमांक छापावा लागतो. १३ जून १९७३ रोजी चोप्रांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

लेबल नसलेली, घटक न सांगणारी किंवा कावीळ हमखास बरी करण्याचा दावा करणारी बाटली घेऊ नये. औषध नियमांच्या शेड्यूल ‘जे’मध्ये ज्या आजारांवर असा दावा करता येत नाही, त्यांत कावीळ आणि यकृताचे विकार आहेत.

परवाना क्रमांक आहे म्हणजे औषध आपल्या आजारावर लागू पडेलच, असेही नाही. कावीळ हे लक्षण आहे. ते विषाणूमुळे, दारूमुळे, पित्ताच्या खड्यामुळे किंवा काही औषधांमुळेही दिसते. हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ मैलापाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतात. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी उजनीत येते, त्यामुळे काठावर पाणी उकळून पिणे महत्त्वाचे. गरोदर बाईला कावीळ झाली, रुग्ण बरळू लागला, सारखा झोपू लागला किंवा रक्तस्राव झाला, तर टॉनिकची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. जाताना आधी घेतलेल्या औषधाची बाटली सोबत न्यावी. आत काय होते, हे डॉक्टरांना त्या बारीक अक्षरांतूनच कळते.