शास्त्रीबुवांचे ऋण आणि माझे एक भांडण

दिवाळीच्या सुट्टीत मी माझगावला मामांकडे गेले होते. परत निघाले तेव्हा भाऊच्या धक्क्यावर कळले, की ओहोटी लागली आहे. आमच्या मोरा बंदरात गाळ साचतो. पाणी उतरले की लाँच धक्क्याला लागत नाही. मग भरतीची वाट पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. २०२४ साली अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकलही आली, तरी मोऱ्याच्या माणसाला अजून लाँचच जवळची वाटते. मीही पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. पिशवीत आपल्या ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक होते : विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे ‘संस्कृत कविपंचक’. जुन्या ग्रंथाची पुनर्मुद्रित आवृत्ती. सरांनी वाचायला सांगितले होते म्हणून आणलेले. खरे सांगायचे तर परीक्षेपुरते चाळून परत करण्याचा माझा बेत होता.

कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच कवींची ही चरित्रे आणि त्यांच्या काव्यांचे विवेचन. या कवींविषयी खात्रीची माहिती किती थोडी! कालिदासाभोवती दंतकथांचे रान माजलेले. ‘भोजप्रबंधा’सारख्या ग्रंथात तर वेगवेगळ्या शतकांतले कवी भोजराजाच्या एकाच दरबारात आणून बसवलेले. भवभूती आपले गाव आणि कूळ नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतो, म्हणून तेवढे कळते. बाणाने ‘हर्षचरिता’त स्वतःची थोडी हकीकत दिली आणि हर्षवर्धनाचा काळ चिनी प्रवासी ह्युएनत्संगामुळे पक्का झाला, म्हणून बाण सातव्या शतकातला असे ठामपणे म्हणता येते. सुबंधूची तर एक ‘वासवदत्ता’ तेवढी मागे उरली. एवढ्याशा आधारावर कवीचे चरित्र लिहायचे म्हणजे आख्यायिका चाळायच्या, ग्रंथातलेच पुरावे शोधायचे आणि शेवटी काव्यातूनच कवी ओळखायचा. तासाभरात मी त्या पाच कवींपेक्षा त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या माणसातच अधिक गुंतले. पुस्तक परत करण्याआधी मी ग्रंथालयातून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे चित्र उभे राहिले, ते येथे मांडते.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री हे त्या काळचे नामांकित विद्वान. त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, कालिदासाच्या ‘मेघदूता’चे मराठी पद्य केले. म्हणजे थोरांची चरित्रे आणि जुन्या कवींची काव्ये मराठीत आणण्याचे वळण मुलाला घरातच मिळाले. डॉक्टर जॉन्सनची ‘रासेलस’ ही कथा वडिलांनी भाषांतरायला घेतली आणि मुलाने ती पुरी केली. विष्णुशास्त्री डेक्कन कॉलेजात शिकले, १८७२ साली बी. ए. झाले आणि पुढे सरकारी शाळेत शिक्षक झाले. त्या काळी बी. ए. झालेला तरुण इंग्रजीतच लिहिण्या-बोलण्यात भूषण मानी. या तरुणाने मात्र मराठी धरली.

वडिलांकडचे ‘शालापत्रक’ हे मासिक त्यांच्या हाती आले होते. नावाप्रमाणे ते शाळांसाठी. त्याच मासिकात १८७२ ते १८७५ या काळात त्यांनी या पाच कवींवर लिहिले. तेव्हा त्यांचे वय बावीस ते पंचवीस. हे वाचले तेव्हा मी थबकलेच. आपण या वयात गुणांच्या बेरजा करतो. हा गृहस्थ या वयात ठरवत होता, की इंग्रजांनी आपल्या कवींची जशी साक्षेपाने चरित्रे लिहिली, तशीच आपल्याही कवींची मराठीत झाली पाहिजेत. जॉन्सनने इंग्रज कवींची चरित्रे लिहिली होती आणि जॉन्सन हा विष्णुशास्त्र्यांचा फार आवडता. त्याचेही चरित्र त्यांनी पुढे मराठीत लिहिले. मात्र ‘शालापत्रका’तले त्यांचे लेखन सरकारला रुचेना आणि १८७५ साली ते मासिक बंद पडले.

त्याआधीच, जानेवारी १८७४ मध्ये, त्यांनी स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. सात वर्षांच्या हिशेबाने ८४ अंक, आणि बहुतेक सारा मजकूर एकट्याच्या हातचा! भाषा, इतिहास, वाचन, वक्तृत्व, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता, जॉन्सन असे नाना विषय. लांबलचक पण तोल न सोडणारी वाक्ये, मधूनच संस्कृत श्लोक, मधूनच मेकॉलेच्या वळणाची फेक, आणि उपरोध तर असा की ज्याच्यावर पडेल त्याला महिनाभर झोप येऊ नये. मराठी गद्यात विद्वत्तेचा कोणताही विषय पेलता येतो, हे त्यांनी लिहून सिद्ध केले. आज आपण मराठीतून समीक्षा लिहितो, प्रबंध लिहितो, त्या वाटेवरचे पहिले दगड त्यांनी फोडले.

१८७८ साली वडील वारले. त्याच वर्षी का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्यासह त्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. जुनी काव्ये, बखरी, कागदपत्रे घराघरांतून कसरीच्या तोंडी चालली होती. ती छापून लोकांपुढे ठेवण्याचे हे काम. ‘चित्रशाळा’ही त्यांच्याच खटपटीतली. सरकारने त्यांची रत्नागिरीला बदली केली, तेव्हा १८७९ साली त्यांनी नोकरीच सोडली. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक आणि नामजोशी त्यांना येऊन मिळाले, पाठोपाठ आपटे आणि आगरकरही आले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आणि १७ मार्च १८८२ रोजी हा माणूस गेला. वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

‘निबंधमाले’तला शेवटचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’. लेखक जाऊन अठ्ठावीस वर्षे झाल्यावर, १९१० साली, इंग्रज सरकारने तो जप्त केला. बंदी उठली १९३७ मध्ये. मेलेल्या माणसाच्या निबंधाचीही सरकारला एवढी धास्ती! ‘संस्कृत कविपंचक’ पुस्तकरूपाने आले तेही त्यांच्या मागेच, १८९१ साली. स्वतःचे ते पुस्तक त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही, आणि ते माझ्या हातात मात्र आले.

येथपर्यंतचे सारे ऋण. आता भांडण.

‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी महात्मा फुले यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला आहे. मतभेद असणे निराळे. शास्त्रीबुवांना सामाजिक सुधारणेची घाई मान्य नव्हती. लोकहितवादींवरही ते तुटून पडले होते. पण फुल्यांच्या बाबतीत त्यांनी भाषेलाच हात घातला. व्याकरणाच्या चुका काढल्या, लिहिणाऱ्याची टवाळी केली, आणि त्या भाषेत काय सांगितले आहे ते जवळजवळ बाजूलाच राहिले. ती पाने वाचताना माझे कान तापले.

त्याला कारण आहे. आमच्या घरात आगरी बोलतात. आमच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. प्राथमिक शाळेत असताना मी एकदा वर्गात ‘पानी’ म्हणाले. सगळा वर्ग हसला आणि मला पाटीवर ‘पाणी’ हा शब्द शंभर वेळा लिहावा लागला. मला तहान लागली होती, हे मात्र कोणी विचारलेच नाही. फुल्यांचे व्याकरण तपासणारे शास्त्रीबुवा वाचताना मला तो वर्ग आठवला.

त्या दिवशी धक्क्यावर बसल्या बसल्या मला ‘शाकुंतल’ही आठवले. सहाव्या अंकाच्या आरंभी एक कोळी येतो. दुष्यंताची अंगठी त्याला माशाच्या पोटात सापडलेली असते. शिपाई त्याला चोर ठरवून मारतात, त्याच्या जातीची आणि धंद्याची चेष्टा करतात. तो संस्कृत बोलत नाही. आपली प्राकृत बोलतो, आणि बापजाद्यांच्या धंद्याची लाज का बाळगायची, असे त्यांना ठणकावतो. पुढे राजाकडून बक्षीस येते, तर त्यातले अर्धे तो त्याच शिपायांना देऊन टाकतो. त्या कोळ्याच्या जाळ्यात ती अंगठी आली नसती तर राजाला शकुंतला आठवली नसती आणि नाटक तिथेच अडले असते. कालिदासाने त्याला त्याचीच बोली दिली. ती शुद्ध करून घेतली नाही. ज्या रसिकाने पंचविशीच्या आत कालिदास असा मनापासून वाचला, त्याला आपल्याच पुण्यात, आपल्याच काळात, शेतकऱ्याचे आणि शूद्राचे दुःख त्यांच्या बोलीत मांडणारा लेखक ओळखता येऊ नये, हे माझे भांडण.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. कोल्हापूरच्या प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला, तो याच १८८२ सालचा. तेव्हा त्यांच्या जामिनासाठी जे पुढे आले, त्यांत फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे होते. जामीन देताना त्यांनी कोणाचे व्याकरण तपासले नाही.

मग विष्णुशास्त्री वाचू नयेत काय? माझ्या मनात हा प्रश्न बरेच दिवस होता. सरांशीही बोलले. ते म्हणाले, की भांडण करायचे तर आधी पुस्तक पुरते वाचावे लागते, आणि तू तेच केलेस. विचार करता मला वाटते, जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे हवीत ती यासाठीच. निवडक उतारे वाचले तर शास्त्रीबुवा एक तर देव्हाऱ्यात जातात, नाही तर अडगळीत. पूर्ण ग्रंथ हाती आला म्हणजे पाच कवींवर जीव लावणारा तरुणही दिसतो आणि फुल्यांना हसणारा पंडितही. दोघे एकच. कवीचा काळ पुराव्याने ठरवावा, आख्यायिकेवर विसंबू नये, हे मी त्यांच्याच वाटेने शिकले. तोच नियम त्यांच्या स्वतःच्या चरित्राला लावला तर त्यांनी रागावू नये.

त्या दिवशी दुपारनंतर भरती लागली. लाँच निघाली, घारापुरी मागे पडली, द्रोणागिरीचा डोंगर दिसू लागला. मोऱ्याला उतरले तेव्हा आई धक्क्यावर उभी होती. तिने बाटली पुढे केली आणि पानी पी म्हणाली. मी प्यायले. पुस्तकात खूण म्हणून लाँचचे तिकीट ठेवले होते. ते बाणाच्या प्रकरणात अजून आहे. ग्रंथालयात पुस्तक परत केले आहे. कोणी नेले तर तिकीट तिथेच राहू द्यावे, आणि पुढची पाने जरूर वाचावीत.